फॉरमॅट मारण्याआधी

संगणक अडला की फॉरमॅट मारायचा, ही आपल्याकडची पक्की रीत. संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव, जामखेड, तालुका कोणताही घ्या. यंत्र हँग होते, नेट चालत नाही, प्रिंट निघत नाही, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, अशा निरनिराळ्या तक्रारींवर एकच औषध दिले जाते. आतले सगळे पुसायचे आणि सिस्टीम नव्याने टाकायची. विंडोजच्या जमान्यात या रीतीला काही आधार होता. पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस, परवाना नसलेल्या प्रती, कुठून कुठून उतरवून घेतलेली सॉफ्टवेअर यांनी यंत्र इतके गढूळ झालेले असे, की नेमके काय बिघडले हे शोधत बसण्यापेक्षा धुऊन काढणे स्वस्त पडे. घरच्या लिनक्स संगणकावर मात्र ही रीत बहुतेक वेळा चुकीची ठरते, असे माझे म्हणणे आहे. लिनक्स आपल्या बिघाडाची लेखी नोंद ठेवतो, ती नोंद घरच्या माणसाला वाचू देतो, आणि फॉरमॅट मारला की ती नोंदही पुसली जाते. शिवाय घरगुती बिघाडांपैकी बरेचसे सिस्टीममध्ये नसतातच. ते विजेत, धुळीत, एखाद्या तीन व्होल्टच्या सेलमध्ये किंवा प्रिंटरच्या पोटात असतात, आणि तिथवर फॉरमॅटचा हात पोचत नाही.

हा विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले, अजून धडधाकट असलेले कितीतरी डेस्कटॉप आणि लॅपटॉप अधिकृत वाटेने पुढे जाऊ शकत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवले तर ती आणखी काही वर्षे सुखाने चालतात. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी मुले लिनक्स हाताळतात आणि घरच्या जुन्या पीसीवरही टाकून देतात. मग मूल होस्टेलवर परत जाते आणि यंत्र अडते ते घरच्यांपुढे. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने २००१ पासून लाखो मराठी माणसांना संगणकासमोर बसवले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजातही दिले. पण यंत्र वापरायला शिकणे वेगळे आणि ते अडल्यावर पहिल्यांदा कुठे पाहायचे हे कळणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फार दुर्लक्ष केले आहे.

सगळ्यात नेहमीची तक्रार घेऊ: संगणक मध्येच आपोआप बंद पडतो. लिनक्समध्ये ‘जर्नल’ नावाची रोजनिशी सतत लिहिली जात असते. कोणती सेवा कधी सुरू झाली, कोणत्या उपकरणाने तक्रार केली, हे सेकंदावर लिहिलेले असते. मेनूतल्या लॉग्ज या प्रोग्रॅममध्ये मागच्या वेळचे सत्र निवडून त्याच्या अगदी शेवटच्या ओळींवर जावे. तिथे तीनपैकी एक प्रकार दिसतो. सेवा एकामागून एक थांबल्या, डिस्क सोडली, यंत्र बंद केले, असा रीतसर शेवट असेल तर बंद होण्याचा हुकूम कुणीतरी दिला होता. पॉवरचे बटण दाबले गेले असेल तर त्याचीही ओळ असते. दुसरा प्रकार म्हणजे शेवटाजवळ ‘क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड’ अशी ओळ. नगरच्या उन्हाळ्यात पंख्यावर धुळीचा थर बसलेला असला की ही ओळ येते, आणि उपाय ब्रश, हवेची फुंकर मारणारा ब्लोअर आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट हा असतो. तिसरा प्रकार सगळ्यात बोलका: नोंद एखाद्या साध्या कामाच्या मध्येच तुटलेली, पुढे काहीच नाही. यंत्राला लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली. इथे एक आक्षेप रास्त आहे. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, जागच्या जागी गोठला किंवा हार्डवेअरने अति तापून स्वतःच वीज तोडली, तरी नोंद अशीच कोरी राहते. म्हणून अशा तुटक्या शेवटांच्या वेळा कागदावर मांडून पाहाव्यात. पडदा तसाच राहून माऊस थिजत असेल तर ती गोष्ट वेगळी. पण वेळा संध्याकाळच्या किंवा पंप सुरू होण्याच्या असतील, आणि घर गावठाणात नसून शेतातल्या वस्तीवर असेल, तर संशय व्होल्टेजवर जातो. शेजारच्या मोटारी चालू होताना दाब क्षणभर पडतो. नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तो झेलतो, जुना झेलत नाही. एसएमपीएस बदलला किंवा यूपीएसची मेलेली बॅटरी बदलली की प्रश्न मिटतो. हेच यंत्र दुकानात फॉरमॅट करून आणले असते तर दोन दिवसांनी पुन्हा तसेच बंद पडले असते, आणि घरातली कागदपत्रे गेली असती ती वेगळीच.

लाईट गेल्यानंतरचा दुसरा प्रसंग याहून भयंकर दिसतो. वीज आल्यावर यंत्र सुरू केले तर नेहमीचा पडदा येत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार-पाच ओळी, शेवटी कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. पाहणारा म्हणतो, हार्ड डिस्क गेली. ओळी वाचल्या तर तसे कुठेही म्हटलेले नसते. डिस्कच्या अमुक भागात, समजा ‘एसडीए२’ मध्ये, विसंगती सापडली आहे आणि ‘एफएससीके’ हाताने चालवा, एवढेच लिहिलेले असते. रोग, जागा आणि औषध, तिन्ही यंत्रानेच सांगितले. असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी थेट सातबारा खोडत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो आणि तो मंजूर झाला की सातबाऱ्यावर अंमल येतो. लिनक्समध्ये सहसा वापरली जाणारी ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम, जी २००८ च्या अखेरीस कर्नलमध्ये पक्की झाली, नेमके असेच करते. कोणती फाइल कुठे जाणार, कोणती जागा मोकळी होणार, हे ती आधी एका राखीव पट्ट्यात लिहिते आणि मग जागेवर उतरवते. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी पुऱ्या झालेल्या नोंदींचा अंमल देते आणि अर्धवट नोंदी सोडून देते. बहुतेक वेळा हे आपल्या नकळत क्षणात उरकते. काळा पडदा येतो तो हिशेब आपोआप जुळला नाही तरच. अशा वेळी एफएससीके आणि पुढे त्या भागाचे सांगितलेले पूर्ण नाव टाइप करायचे, विचारलेल्या दुरुस्त्यांना ‘वाय’ म्हणायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. एक, हा फेरफार सहसा फाइलींची नावे आणि जागा यांचा असतो, आतल्या मजकुराचा नाही. त्यामुळे लाईट जाण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात लिहिलेले गेले असू शकते. दोन, वीज न जाताही तोच काळा पडदा आठवड्याने पुन्हा आला, तर डिस्कच खराब होत चाललेली असू शकते. डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’ माहिती उघडली की डिस्क स्वतःची तब्येत सांगते. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीपुढे शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर दुरुस्तीचे काहीही करण्याआधी फोटो, दाखले, खरेदीखताचे स्कॅन दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मरू घातलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवणे म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणे. आणि अशी डिस्क फॉरमॅट करून तिच्यावर नवी सिस्टीम टाकणे हा तर पैसे देऊन विकत घेतलेला पुढचा बिघाड आहे.

घड्याळाचा बिघाड नेटच्या बिघाडाचे सोंग घेऊन येतो. वायफाय जोडलेले दिसते, पण बँकेची, महाडीबीटीची, कोणतीही साइट उघडली की ब्राउझर सांगतो, जोडणी सुरक्षित नाही. राउटर बंद-चालू केला जातो, केबलवाल्याला फोन जातो. वास्तविक प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य अशा दोन तारखा असतात, आणि संगणकाची तारीख त्यांच्या बाहेर गेली की ब्राउझर नकार देतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ तो चालवतो. जुन्या पीसीत तो संपलेला असतो, आणि रात्री बोर्डाचे बटण बंद करण्याची आपली सवय चांगली असली तरी त्या सेलवरचा भार वाढवतेच. नेट जोडल्यावर लिनक्स बहुधा वेळ आपणहून जुळवून घेतो, म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि माणूस अधिकच गोंधळतो. इथे चुकीचा आकडासुद्धा पुरावा असतो. घड्याळ भलत्याच वर्षात असेल तर सेल संपला. बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेल ठणठणीत आहे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि एक जण मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितो, तर दुसरा ती जागतिक वेळ समजून त्यात साडेपाच तास मिळवतो. पहिल्यावर उपाय घड्याळाच्या दुकानात मिळणारा सेल, दुसऱ्यावर एका सेटिंगचा बदल.

पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचाच पडदा परत येणे हेही असेच फसवे. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, म्हणजे पासवर्ड मान्य झाला आणि पुढे काहीतरी अडले. बरेचदा डिस्क काठोकाठ भरलेली असते, आणि मिंटवर ती भरणारा पुष्कळदा टाइमशिफ्ट निघतो, जो सिस्टीमच्या जुन्या प्रती सांभाळत बसतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की अक्षरी पडदा येतो. तिथे आत शिरून जुन्या प्रती आणि उतरवलेली पॅकेजे काढली की दार उघडते.

दोष यंत्राचा की सिस्टीमचा, हा मूळ प्रश्न सोडवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन मात्र लाइव्ह पेनड्राइव्ह आहे, आणि माझ्या मते लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक घराच्या कपाटात एक असायलाच हवा. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली नॉपिक्स काढले आणि डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम सीडीवरून चालवण्याची पद्धत लोकप्रिय केली. आज मिंट आणि उबंटूचा प्रत्येक इन्स्टॉल पेनड्राइव्ह हे काम करतो. त्यावरून यंत्र सुरू करून तोच दोष पुन्हा दिसतो का ते पाहायचे. आवाज तिथेही येत नसेल, पडदा तिथेही लुकलुकत असेल, तर घरची सिस्टीम बहुतेक निर्दोष आहे. तिथे सगळे ठीक असेल तर हार्डवेअर बहुतेक निर्दोष आहे, आणि मग आणखी दोन अदलाबदली करता येतात. सुरू होतानाच्या मेनूतून जुना कर्नल निवडायचा. त्यावर चालले तर दोष नव्या अपडेटमध्ये. नवे वापरकर्ता-खाते उघडून पाहायचे. त्यात चालले तर दोष जुन्या खात्यातल्या एखाद्या सेटिंगमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मात्र पाळावे लागते. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालले, तर कशाने चालले ते कळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो इंग्रजीचा आणि काळ्या पडद्याचा. संदेश इंग्रजीत असतात हे खरेच आहे, आणि मराठीत ते पुरेसे उतरलेले नाहीत ही खंतही खरी आहे. पण हे इंग्रजी पुस्तकाचे नाही, साच्यातले आहे. ‘नो स्पेस लेफ्ट’, ‘परमिशन डिनाइड’, ‘रीड-ओन्ली’, ‘टाइम्ड आउट’, ‘नॉट फाउंड’, अशा पंधरा-वीस वाक्प्रयोगांत घरगुती बिघाडांचा बहुतेक संसार मावतो, आणि दहावी झालेले मूल ते एका दुपारी शिकू शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अर्धवट माहितीवर माणूस कुठून तरी आज्ञा उचलून चिकटवतो आणि बरे यंत्र बिघडवतो. हा धोका खराच आहे. ‘सुडो’ लावलेली आज्ञा यंत्राचा मालक म्हणून चालते आणि परत विचारत नाही. सगळ्या फाइलींच्या परवानग्या खुल्या करण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो तो तर सरळ नुकसानकारक आहे. पण म्हणूनच मी वाचण्यावर भर देतो आहे. नोंदी पाहणे, डिस्कची तब्येत पाहणे, किती जागा उरली ते पाहणे, यांनी यंत्रात काहीही बदलत नाही. बदलणारी आज्ञा देण्याआधी ती काय करणार हे मराठीत एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती देऊ नये.

तिसरा आक्षेप लिनक्सवरच आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. काही उपकरणांपुढे निदान पक्के होऊनही इलाज हाती लागत नाही. कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून घरांपर्यंत दिसतो; तो कंपनीची स्वतःची कॅप्ट ही भाषा बोलतो आणि आजच्या लिनक्सवर त्याला बोलते करणे कष्टाचे काम आहे. एचपीच्या लेझरजेट १०२० ची गोष्ट निराळी. त्याच्या पोटात कायमचे फर्मवेअर नसते. वीज आल्यावर प्रत्येक वेळी संगणकाने ते भरवावे लागते. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे प्लगइन बसवलेले नसेल तर दिवा लागतो, रांगेत काम दिसते, कागद मात्र हलत नाही. ज्या गावात दिवसातून दोनदा लाईट जाते तिथे हा प्रिंटर वारंवार ‘बिघडतो’, आणि तो बिघडलेला नसतो. वायफायचेही असेच: ब्रॉडकॉमची चिप असलेल्या कित्येक जुन्या लॅपटॉपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला नेट लागते. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की हे कोडे सुटते. नवा प्रिंटर घेताना ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घेतला तर निम्मी कटकट टळते. आणि एखाद्या कामाला विंडोजच लागत असेल, जसे डिजिटल सहीच्या काही टोकनना लागते, तर त्यासाठी विंडोजचे यंत्र ठेवावे; हट्टाने कुणाचेही भले होत नाही.

फॉरमॅट कधीच करू नये असे म्हणणेही खोटे ठरेल. अपडेट अर्ध्यात तुटून पॅकेजांचा गुंता सुटण्यापलीकडे गेला, तर नव्याने टाकणे हाच शहाणपणा. पण तेव्हाही वैयक्तिक फाइलींचा ‘होम’ भाग वेगळा ठेवलेला असेल तर तो न पुसता सिस्टीम बदलता येते, आणि डिस्क धड आहे की नाही हे आधी पाहिलेले असले पाहिजे. दुकानदाराविरुद्धही माझी तक्रार नाही. त्याच्याकडे दहा यंत्रे रांगेत असतात आणि प्रत्येकाची रोजनिशी वाचायचे पैसे कुणी देत नाही. घरच्याने नोंदीतल्या शेवटच्या चार ओळींचा मोबाईलवर फोटो काढून नेला, तर त्याचेही काम बदलते. तो सिस्टीम टाकण्याऐवजी एसएमपीएस तपासतो.

आपल्या भाषेचा बिघाड फॉरमॅटने कधीच सुटत नाही, कारण फॉरमॅटनंतर येणारी सिस्टीम तीच असते. लिब्रेऑफिसमध्ये मराठी मजकूर निवडून फॉन्टचा आकार बदलला तरी अक्षरे ढिम्म राहतात, ही तक्रार वारंवार येते. तिथे रोमन आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगवेगळे धरलेले असतात. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू केले की देवनागरीचा स्वतंत्र रकाना उघडतो. चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्टच नाही. रेड हॅटने मुक्त परवान्यावर दिलेला लोहित देवनागरी किंवा नोटो पॅकेज-यादीतून बसवता येतो. सगळे बरोबर असून ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटत असतील, तर कारण आणखी बारीक आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे ठरवली, पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणते वळण काढायचे हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो, आणि लोहित देवनागरीत दोन्ही वळणे आहेत. मजकुरावर हिंदी असा शिक्का असेल तर तो हिंदी वळण काढतो. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली की दोन्ही अक्षरे आपल्या वळणावर येतात.